टकटक मंडळाचा अठरा पानी इतिहास

हेडबाईंनी मला टॅप डान्स क्लबचा इतिहास लिहायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणालो नाही, कारण त्यांनी मला विचारलंच नव्हतं. निवृत्त होण्यापूर्वी त्या एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि समोरचा माणूस पाचवीतला आहे असं धरूनच त्या अजून बोलतात. लिफ्टपाशी त्यांनी मला गाठलं, "तुम्ही इतिहास लिहिताय, सोमवारी द्यायचा," एवढं सांगितलं आणि जिन्याने निघून गेल्या. मी औषधांची पिशवी हातात धरून तसाच उभा. लिफ्ट आली, उघडली, बंद झाली आणि माझ्याशिवाय वर गेली.

खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं. चौतीस वर्षं मी भूमापन कार्यालयात अभिलेखपाल होतो. म्हणजे जुने नकाशे, जुने दाखले, जुन्या भांडणांचे कागद सांभाळणारा माणूस. कुठलाही कागद सात मिनिटांत काढून देण्याबद्दल माझी ख्याती होती, निदान आमच्या मजल्यावर तरी. पण या निवृत्तांच्या वसाहतीत राहायला आल्यापासून सहा वर्षांत मला कुणी साधी पावतीसुद्धा शोधून मागितली नव्हती. तेव्हा काम चांगलंच होतं. फक्त एक अडचण होती. टॅप डान्स म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं.

घरी येऊन बायकोला विचारलं. तिने सांगितलं की बुटांच्या टाचेला आणि पुढच्या टोकाला लोखंडी पट्ट्या ठोकतात आणि लाकडी फळ्यांवर पाय आपटत नाचतात. "खालच्या हॉलमध्ये नाही का, सोमवार-गुरुवार चार वाजता," ती म्हणाली.

तो हॉल बरोबर आमच्या घराखाली आहे. गेली सहा वर्षं दर सोमवारी आणि गुरुवारी चार वाजता तिथे सुतार येतात अशी माझी पक्की समजूत होती. एवढ्या मोठ्या इमारतीत काही ना काही ठोकाठोक असायचीच, असा मी विचार केला होता. सुतार इतके वेळेवर कसे येतात याचं मात्र मला अधूनमधून नवल वाटायचं.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"मला वाटलं तुम्हाला माहीतच आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

या इतिहासाची एवढी निकड का, हे हेडबाईंनी दुसऱ्या दिवशी मला उभ्या उभ्या समजावलं. वसाहतीच्या व्यवस्थापकांनी नवा नियम काढला होता. जे मंडळ दहा वर्षं अखंड चालू असल्याचं कागदोपत्री सिद्ध करील, त्याच मंडळाला त्याची जागा राहील. बाकीच्या जागांमध्ये चाकाच्या खुर्च्या, जुन्या गाद्या आणि मोडके पलंग ठेवायचे होते. बुद्धिबळ मंडळाने आपलं दप्तर केव्हाच सादर केलं होतं. टॅपवाल्यांकडे दप्तर म्हणजे बुटांचं एक कपाट आणि हेडबाईंची एक हजेरीची वही होती, आणि घरची वही कार्यालय पुरावा मानत नव्हतं.

आमचे शेजारी निवृत्त दंतवैद्य आहेत. त्यांना बातमी लागायला वेळ लागत नाही, कारण आमच्या दोघांच्या बाल्कन्यांच्या मधे फक्त एक कुंडी आहे. ते स्वतः क्लबात नाचतात. इतिहास कसा लिहावा यावर त्यांनी मला पाऊण तास मार्गदर्शन केलं. सुरुवात आदिमानवापासून करा म्हणाले, माणूस प्रथम दोन पायांवर उभा राहिला तिथपासून. मी म्हटलं, मला दहाच वर्षांचं हवंय. त्यावर ते म्हणाले की खालचा दात दुखला तरी डॉक्टर वरचा जबडा बघतोच. जाता जाता त्यांनी हेही सांगितलं की क्लब मुळात त्यांनीच काढला, थंडीत पावलं गार पडतात त्यावर उपाय म्हणून. तासाभराने हेडबाईंनी सांगितलं की क्लब त्यांनी काढला, शिस्तीसाठी. संध्याकाळपर्यंत संस्थापक चार झाले होते, आणि मी अजून दुसऱ्या मजल्यावर गेलोच नव्हतो.

सगळ्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. पहिले बूट पोस्टमास्तरांचे. त्यांच्याआधी वसाहतीत कुणाच्या बुटाला लोखंड नव्हतं.

पोस्टमास्तर शहाऐंशी वर्षांचे. उंच, ताठ, सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. मी वही-पेन्सिल घेऊन गेलो तर त्यांनी मला अगत्याने बसवलं आणि हकिगत सांगितली. त्यांच्या पोस्टात एक बेवारशी पार्सल आलं होतं. पत्ता पुसलेला, पाठवणाऱ्याचं नाव नाही. वर्षभर कुणी नेलं नाही म्हणून उघडलं, तर आत लोखंडी पट्ट्यांचे बूट, बरोबर त्यांच्या मापाचे. मी सगळं उतरवून घेतलं. खुलासा विचारायला दुपारी पुन्हा गेलो, तर ते म्हणाले की पोस्टाशी त्यांचा कधी संबंधच आला नाही, ते जहाजावर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा त्यांनी मलाच अदबीने विचारलं, की तुम्ही कोणत्या कामासाठी आला आहात, आणि काम झालं का.

त्यांच्या बायकोने मला दाराबाहेर आणून सोडलं. लहानखुऱ्या बाई, हातात सतत काहीतरी घडी घालायला घेतलेलं. त्या म्हणाल्या की पार्सल नाही आणि जहाजही नाही. एकोणसत्तराव्या वर्षी एक दिवस हे बुटांना पट्ट्या ठोकून घरी आले. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाले, नुसतं चालताना कंटाळा येतो. त्या पलीकडे त्यांनाही काही माहीत नव्हतं.

"आता मी कोण, हे दिवसातून दहादा विचारतात," त्या म्हणाल्या. "चार ते पाच तेवढं काही विचारत नाहीत. हॉल राहील ना हो?"

मी राहील म्हणालो. कोणत्या अधिकारात म्हणालो देव जाणे. घरी आलो आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'संस्थापनेविषयी मतभेद आहेत.' अभिलेखपालाला याहून जास्त काही म्हणता येत नाही.

मग मी कार्यालयात गेलो. तिथे फायली सांभाळणाऱ्या एक बाई आहेत. त्यांची कपाटं इतकी नीट लावलेली की मी आधी दोन खण उघडून पाहिले. मी टॅप डान्स क्लबची फाईल मागितली. त्यांनी यादी पाहिली, पुन्हा पाहिली, आणि असा क्लब नाही म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, खाली हॉलमध्ये नाचतात. त्या म्हणाल्या की खाली हॉलमध्ये नाचतात याची कार्यालयाला कल्पना नाही, पण आवाजाची एक फाईल आहे, ती बघायची तर बघा.

फाईल चांगली जाड होती. वरचाच कागद ओळखीचा वाटला. अक्षर सुरेख, समास सोडलेला, विषय अधोरेखित: 'तळमजल्यावरील सुतारकामाच्या आवाजाबाबत.' खाली माझी सही.

एकूण तेवीस तक्रारी निघाल्या. त्या मी लिहिल्या होत्या हे मी विसरलो नव्हतो, पण त्या कुणी जपून ठेवल्या असतील असं मला वाटलं नव्हतं. प्रत्येकीत तारीख, वार, आवाज सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ. मधल्या पाच मिनिटांच्या विश्रांतीचीसुद्धा नोंद. एका पत्रात तर मी आवाजाचा प्रकारही दिला होता: 'आधी एकच सुतार, नंतर सुमारे दहा.' क्लबच्या अस्तित्वाचा याहून चोख पुरावा जगात कुठे नव्हता, आणि तो क्लब बंद पाडण्यासाठी मी स्वतः सहा वर्षं तयार करत होतो.

त्याखाली माझ्याआधी आमच्या घरात राहणाऱ्या न्यायाधीशांच्या तक्रारी होत्या, पाच वर्षांच्या. 'सदर ठोकाठोक ही सकृद्दर्शनी सुतारकामाची असून' अशी त्यांची भाषा. एवढा शिकलेला माणूसही तिथेच फसला हे पाहून मला जरा धीर आला. पाच आणि सहा अकरा. दहा वर्षांच्या वर एक.

आनंदाच्या भरात मी हेडबाईंकडून हजेरीची वही मागून घेतली, तक्रारींच्या तारखा ताडून पाहायला. तारखा जुळल्या. एकूण एक जुळल्या. पण सह्या वाचता वाचता तीन वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी माझं बोट थांबलं. पुढच्या सोमवारी पुन्हा तीच सही. मग गुरुवारी. पाठोपाठ तीनशेच्या आसपास सह्या, माझ्या बायकोच्या.

मी वही तिच्यापुढे ठेवली. ती भाजी निवडत होती. तिने वहीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आवाज सुरू झाला की तुम्ही तक्रार लिहायला बसायचात. दोन-तीन महिने कच्च्या, मग एक पक्की. तासभर तुम्हाला कशाची शुद्ध नसायची. मी खाली जाऊन यायचे."

"मग त्या आवाजात तुझाही आवाज होता?"

"डाव्या पायाचा जास्त. उजवा अजून हवा तसा पडत नाही."

या प्रसंगावर मी काय करायला हवं होतं, रागवायला की हसायला, हे मला त्या वेळी ठरवता आलं नाही. मी वही मिटली, पुन्हा उघडली, आणि त्या सह्यांपैकी पहिल्या दहांची अक्षरं पुढच्यांपेक्षा थरथरती आहेत असं टिपण करून ठेवलं. सवय जात नाही.

दप्तर तयार झालं. एकच भोक राहिलं. न्यायाधीश गेल्यापासून आम्ही येईपर्यंत घर आठ महिने रिकामं होतं. घरात माणूस नाही, म्हणून तक्रार नाही. हजेरीची वही त्याच काळात भिजली होती, तिची आठ महिन्यांची पानं एकमेकांना चिकटून लगदा झाला होता. नियमात शब्द होता 'अखंड'. दंतवैद्य म्हणाले, त्यात काय, न्यायाधीशांच्या नावाने आणखी दोन तक्रारी लिहून टाका, तुमचं अक्षर छान आहे. चौतीस वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मी बाल्कनीचं दार लावून घेतलं. अर्ध्या तासाने ते पुन्हा उघडलं, कारण कुंडीला पाणी घालायचं होतं. तेव्हा ते पलीकडून म्हणाले की रागावू नका, मला आपलं आठवलं, त्याच वर्षी नाचताना माझा घोटा मुरगळला होता.

मी तसाच दवाखान्यात गेलो. वसाहतीच्या दवाखान्यातली नर्स माझ्यासारखीच लिहून ठेवणारी निघाली. त्या आठ महिन्यांत चार घोटे, एक गुडघा, आणि गिरकी घेताना उडून पडलेली एक कवळी, सगळं तारखेसह. कारणाच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच शब्द: 'नाच'. तर असा तो इतिहास, अर्धा तक्रारींवर आणि अर्धा दुखापतींवर उभा राहिलेला. अठरा पानं झाली. तळटीपा वेगळ्या. सोमवारी अकरा वाजता मी ती पानं व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवली.

व्यवस्थापक तरुण आहेत, म्हणजे पंचावन्नचे. सभ्य माणूस, पण नियम दिसला की त्यांचा चेहरा उजळतो. त्यांनी अठराही पानं वाचली, मधे एकदा चष्मा पुसला आणि म्हणाले की काम अप्रतिम आहे. तळमजल्यावर अकरा वर्षं अखंड सुतारकाम चाललं आहे याबद्दल आता काही शंका उरत नाही.

मी म्हटलं, सुतारकाम नव्हे, नाच.

त्यांनी मंडळांची नोंदवही काढून दाखवली. त्या हॉलपुढे लिहिलं होतं 'सुतारकाम मंडळ'. पोस्टमास्तरांनी सुरुवातीला एक अर्ज केला होता, 'बारा लाकडी फळ्या मिळाव्यात', त्यात कारण दिलं नव्हतं. त्यावरून कुणीतरी अंदाज केला, आणि पुढे न्यायाधीशांच्या व माझ्या मिळून एकोणचाळीस पत्रांनी तो अंदाज पक्का केला. "तुम्हीच लिहिलंय, 'सुतार सुमारे दहा'," व्यवस्थापक म्हणाले. दवाखान्यातली नोंद दाखवली तर ते म्हणाले की सुतारांनीही कधी नाचू नये असं नियमात नाही. तेव्हा जागा सुतारकाम मंडळाला मिळू शकते. गुरुवारी चार वाजता ते पाहणीला येतील. मंडळाने केलेली एखादी वस्तू दाखवावी, म्हणजे झालं.

मी सत्य परोपरीने सांगून पाहिलं. पण माझं म्हणणं खोडायला माझ्याच सहीचे कागद त्यांच्यापुढे पडले होते. अशा वेळी माणसाने काय करायचं असतं, हे भूमापन कार्यालयात कुणी शिकवत नाही.

हेडबाईंनी ऐकून घेतलं, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "स्टूल करू या."

मंगळवार आणि बुधवार अकरा माणसं एक स्टूल करत होती. सगळ्यांचं मिळून वय आठशेच्या पुढे. सामान दंतवैद्यांच्या ताब्यात दिलं, कारण छिद्रं पाडायचा अनुभव त्यांनाच होता. त्यांनी प्रत्येक छिद्र पाडण्याआधी लाकडाला "थोडं दुखेल" असं सांगितलं. एक पाय तोकडा झाला म्हणून बाकीचे तीन कापले. ते जास्त कापले गेले म्हणून पहिला पुन्हा कापला. बुधवारी संध्याकाळपर्यंत स्टूल चांगलंच बुटकं झालं होतं आणि कुठलेही दोन पाय एका उंचीचे नव्हते. वर आमच्या घरात खरोखरच्या सुतारकामाचा आवाज प्रथमच येत होता. बायको म्हणाली, आता लिहा ना तक्रार. मी खाली गेलो आणि स्टुलाला घासकागद मारत बसलो.

गुरुवारी व्यवस्थापक आले. हॉलमध्ये फळ्या भिंतीला टेकवून उभ्या करायच्या ठरल्या होत्या, पण उचलायला कुणाच्या कमरेत जोर उरला नव्हता, त्यामुळे त्या जमिनीवरच पसरलेल्या. सगळी मंडळी कडेच्या बाकांवर हारीने बसलेली, पायात तेच बूट, कारण बूट बदलायचं कुणाला सुचलं नाही. हेडबाईंनी स्टूल पुढे केलं. व्यवस्थापकांनी ते चारी बाजूंनी पाहिलं, आणि मग, नियमात असावं म्हणून की सौजन्य म्हणून, त्यावर बसले.

स्टूल डावीकडे कललं. टक. ते सावरायला उजवीकडे झुकले. टक-टक. पुढे, मागे, पुन्हा डावीकडे. ते उठायला बघत होते, पण स्टूल इतकं बुटकं होतं की उठण्यासाठी जोर लावला की दुसराच पाय वाजायचा. टक, टक-टक, टक. खालच्या फळ्या पोकळ, आवाज खणखणीत.

बाकाच्या टोकाला पोस्टमास्तर बसले होते. आल्यापासून ते बायकोला तीनदा विचारून चुकले होते, की आपण कुणाची वाट बघतोय. ते उठले. सदरा खाली ओढून सरळ केला. व्यवस्थापकांच्या समोर, दोन हात अंतरावर उभे राहिले, मान किंचित कलती करून स्टुलाचा ठेका ऐकला आणि उत्तर दिलं. आधी फक्त टाचेने. मग दोन्ही पायांनी. मी हा आवाज सहा वर्षं ऐकला होता, वेळा लिहून ठेवल्या होत्या, पण तो करणारे पाय पाहिले नव्हते. शहाऐंशी वर्षांच्या त्या ताठ माणसाचं कमरेवरचं अंग अगदी स्थिर होतं, आणि खाली त्याचे पाय जे बोलत होते त्यात कुठे चाचपडणं नव्हतं, कुठे अडखळणं नव्हतं.

हेडबाई उठल्या. दंतवैद्य उठले. माझी बायको उठली आणि माझ्यापुढून फळ्यांवर गेली. तिचा डावा पाय खरंच चांगला पडतो. मी फाईल छातीशी धरून उभा होतो. एवढंच आठवतं की मी घड्याळ पाहिलं नाही.

शेवटी दोघांनी धरून व्यवस्थापकांना उठवलं. ते घामाघूम झाले होते. स्टुलाकडे, फळ्यांकडे, पोस्टमास्तरांच्या बुटांकडे त्यांनी आळीपाळीने पाहिलं. नेमकं काय पाहिलं म्हणून नोंद करायची, असं त्यांनी मला हळूच विचारलं. मी म्हटलं, साहेब, मलाही कळलेलं नाही. दोन दिवसांनी आदेश आला. हॉल 'सुतारकाम व तदनुषंगिक पदन्यास मंडळा'कडे कायम ठेवण्यात येत आहे. तदनुषंगिक शब्द हेडबाईंना फार आवडला. त्यांनी तो फळ्यावर लिहून सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घेतला.

इतिहासाची स्वच्छ प्रत मी पोस्टमास्तरांना द्यायचं ठरवलं. संस्थापक कोण याचा निकाल लागला नव्हता, पण कुणाला तरी पहिली द्यायला हवीच होती. सोमवारी चारला वीस कमी असताना ते हॉलच्या दारापाशी उभे दिसले. त्यांची बायको किल्ली आणायला गेली होती. मी पानं त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उभ्या उभ्या, एकेक उलटत, मन लावून वाचली. तळटीपासुद्धा वाचल्या. आजवर त्या दुसऱ्या कुणी वाचलेल्या नाहीत. आतून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता, कोणीतरी मागच्या दाराने आधीच आत जाऊन पुढच्या दाराची कडी काढली होती.

शेवटचं पान वाचून त्यांनी कागदांच्या कडा जुळवल्या आणि मला परत दिले.

"छान माणसं दिसतात," ते म्हणाले. "अशी जागा खरंच कुठे असेल, तर मला एकदा घेऊन चला."

"जवळच आहे," मी म्हटलं आणि दार ढकललं.